तार किती आवळावी?



आमच्या परिचयाचे एक गृहस्थ मध्यंतरी आपल्या मुलीला घेऊन दंतवैद्याकडे गेले होते. मुलीचे वय बारा-तेरा; वरचे दोन पटाशीचे दात पुढे आलेले आणि एक सुळा रांग सोडून उंचावर जाऊन बसलेला. डॉक्टरांनी तपासले, क्ष-किरणांची चित्रे काढली आणि तार निदान दोन वर्षे तरी ठेवावी लागेल, असे सांगितले. हे ऐकताच गृहस्थ खुर्चीत पुढे सरकले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मग जरा करकचून आवळा की! दोनाचे एक वर्ष होईल." डॉक्टर हसून म्हणाले, "करकचून आवळली तर दोनाची तीन होतील." गृहस्थांना ही थट्टा वाटली, आणि आम्हांलाही त्यांनी ती थट्टा म्हणूनच सांगितली.

परंतु ती थट्टा नव्हती. डॉक्टरांच्या त्या एका वाक्यामागे दोनशे वर्षांची खटपट, कित्येक फसलेले प्रयोग आणि सूक्ष्मदर्शकाखाली घालविलेल्या असंख्य रात्री उभ्या आहेत. त्या वाक्याचा इतिहास आज आपणापुढे मांडावा, असा आमचा विचार आहे. विषय दातांचा आहे खरा; पण त्यातला प्रश्न जुना आणि सर्वांच्या ओळखीचा आहे. जिवंत वस्तूला वळण लावायचे तर जोर किती लावावा, कोठे लावावा आणि कशाच्या आधारावर लावावा? या तीन प्रश्नांच्या क्रमानेच आपण पुढे जाऊ.

आधी दात बसतो कसा, ते पाहिले पाहिजे. दात म्हणजे भिंतीत ठोकलेली खुंटी, अशी आपली समजूत असते. तसे असते तर दात हलवायला भिंतच फोडावी लागली असती. प्रत्यक्षात दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचे एक मऊ, तंतुमय अस्तर असते. त्यात बारीक तंतू असतात, रक्ताच्या केशवाहिन्या असतात, मज्जातंतू असतात आणि द्रवही असतो. झोळीत मूल निजवावे तसा दात या तंतूंच्या झोळीत टांगलेला असतो. आपण भाकरी चावतो तेव्हा एकेका दाढेवर कित्येक किलोग्रॅमचा भार येतो. पण तो सेकंदाहूनही कमी वेळ टिकतो. तेवढ्या अवधीत अस्तरातला द्रव बाजूला सरकत नाही आणि तोच भार पेलून धरतो. म्हणून जन्मभर चावूनही दात जागचे हलत नाहीत. उलट, अंगठा चोखणाऱ्या मुलाच्या बोटाचा जोर अगदीच किरकोळ असतो. पण तो रोज कित्येक तास चालतो आणि दात पुढे येतात. म्हणजे जोराबरोबर काळाचाही हिशेब आहे, आणि काळाचे पारडे बहुधा जड आहे. ही गोष्ट लक्षात ठेवली म्हणजे पुढचा इतिहास समजायला सोपा जातो.

वाकडे दात ही काही आधुनिक काळाची देणगी नव्हे. आपल्याकडे वाग्भटाने अष्टांगहृदयात दंतरोगांची गणना केली आहे. तीत वेड्यावाकड्या दातांना 'कराल' आणि जादा उगवलेल्या दाताला 'अधिदंत' अशी नावे आढळतात. रोमन लेखक सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या वैद्यकावरील ग्रंथात एक घरगुती वाटावा असा उपाय सांगितला आहे. मुलाचा दुधाचा दात पडण्याआधीच नवा दात उगवला, तर दुधाचा दात काढावा आणि नवा दात आपल्या जागी येईपर्यंत रोज बोटाने दाबत राहावे. या उपायात तारही नाही आणि यंत्रही नाही. पण हलका जोर आणि रोजचा नेम या दोन गोष्टी आहेत. पुढे शेकडो वर्षे लोकांनी नेमक्या या दोन गोष्टी विसरून मोठमोठी यंत्रे केली, हा या इतिहासातला एक विनोदच म्हटला पाहिजे.

या विद्येला शास्त्राचे रूप येऊ लागले ते फ्रान्समध्ये. पियेर फोशार या दंतवैद्याचा दोन खंडांचा ग्रंथ १७२८ मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झाला. तोपर्यंत दात उपटणे हा जत्रेत बसणाऱ्या वैदूंचा आणि न्हाव्यांचा धंदा होता. फोशारने त्याला वैद्यकाचे स्वरूप दिले. वाकड्या दातांसाठी त्याने सोन्याची किंवा चांदीची एक पट्टी वापरली. घोड्याच्या नालासारख्या वळविलेल्या या पट्टीला भोके असत आणि त्यांतून दोरा ओवून दात पट्टीला बांधून टाकत. आजच्या तारेची ही पणजी म्हणायला हरकत नाही. पण याच फोशारने दात हवा तसा वळेना, तेव्हा चिमट्याने धरून तो एका दमात जागेवर आणण्याचाही मार्ग सांगितला आहे. हळूहळू बांधून आणणे आणि एकदम ओढून आणणे, हे दोन्ही पंथ असे एकाच माणसाच्या हातात होते. पुढची दीडशे वर्षे या दोहोंची ओढाताण चालली.

एकोणिसाव्या शतकात स्क्रूचे राज्य आले. १८४१ मध्ये शांज या फ्रेंच दंतवैद्याने दाढेभोवती स्क्रूने आवळून बसविता येईल अशी पट्टी केली. १८६० मध्ये अमेरिकेत एमर्सन एंजेल याने एका मुलीच्या टाळूवर आडवा स्क्रू बसवून वरचा जबडाच रुंद केल्याचे जाहीर केले. टाळूच्या मधली सांध उकलते, हे त्याचे म्हणणे त्या वेळी अनेकांनी हसण्यावारी नेले. आज ते मान्य झाले आहे. स्क्रूचा गुण असा, की तो एका फेऱ्यात किती पुढे सरकतो हे मोजता येते. त्याचा दोष असा, की तो सरकण्याचे अंतर सांगतो, जोर किती पडला ते सांगत नाही. स्क्रू फिरविल्याबरोबर जोर एकदम चढतो आणि दात थोडा हलला, की लगेच शून्यावर येतो.

तरीही मापाची भाषा या विद्येत प्रथम आणली ती एका स्क्रूवाल्यानेच. न्यूयॉर्कचा जॉन नटिंग फारार याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पाव भागात हा नियम मांडला: दात सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, प्रत्येक वेळी इंचाच्या दोनशे चाळिसाव्या भागाएवढा सरकवावा; त्यापेक्षा अधिक सरकविला तर वेदना होते आणि ऊतीला इजा होते. इंचाचा दोनशे चाळिसावा भाग म्हणजे साधारण मिलिमीटरचा दहावा हिस्सा. मघाशी सांगितलेले अस्तर पाव मिलिमीटरचे, म्हणजे फारारची मात्रा अस्तराच्या निम्म्याहूनही कमी होती. त्याने अस्तर मोजले नव्हते. तो रोग्याच्या चेहऱ्याकडे पाहत होता. पण त्याची नजर खरी ठरली.

जोर लावला की आत नेमके काय होते, हे मात्र अजून कोणी पाहिले नव्हते. दोन मते प्रचलित होती. एक, हाड लवचीक असल्यामुळे ते वाकते आणि दाताबरोबर सरकते. दुसरे, दाबाच्या बाजूचे हाड झिजते आणि मागच्या बाजूला नवे भरते. बर्लिनचा शल्यवैद्य युलियुस वोल्फ याने १८९२ मध्ये, हाडावर जसा भार पडतो तशी त्याची घडण बदलते, असा सिद्धांत मांडला होता. पण दाताच्या बाबतीत पुरावा हवा होता.

तो पुरावा स्वीडनच्या कार्ल सँडस्टेट याने मिळविला. त्याने एका कुत्र्याच्या वरच्या पुढच्या दातांना उपकरण बसवून ते सुमारे तीन आठवडे मागे ओढले आणि नंतर जबड्याचे पातळ काप करून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. १९०४-०५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ताणाच्या बाजूला तंतू ताणले गेले होते आणि हाडाच्या भिंतीवर नव्या हाडाचे थर चढत होते. दाबाच्या बाजूला मात्र दोन वेगवेगळी दृश्ये होती. जोर हलका असेल तेथे हाड खाणाऱ्या पेशी भिंतीशी येऊन हाड समोरून झिजवीत होत्या आणि दाताला वाट करून देत होत्या. पण जोर जास्त झाला तेथे अस्तर पार चेंगरले होते, रक्त थांबले होते, पेशी मेल्या होत्या आणि तो भाग काचेसारखा निर्जीव दिसत होता. तेथे हाड खायला पेशीच उरल्या नव्हत्या. भिंत जशीच्या तशी उभी होती. काही दिवसांनी हाडाच्या आतल्या पोकळीतून, मागल्या दाराने, पेशी येत आणि भिंत पाठीमागून पोखरत. तोवर दात अडूनच राही.

श्रोतेहो, आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाचे उत्तर या कापात आहे. करकचून आवळले म्हणजे दात वेगाने धावत नाही. तो ज्यांच्या बळावर चालायचा त्या कामगारांनाच आपण चिरडून टाकतो. वाट मोकळी करणारेच मेल्यावर वाट मोकळी कोण करणार? मग नवे कामगार मागून येईपर्यंत दोन-तीन आठवडे दात जागच्या जागी राहतो आणि रोगी दुखण्याने हैराण होतो तो वेगळाच.

सँडस्टेटचा शब्द अखेरचा ठरला नाही. व्हिएन्नाच्या आल्बिन ओपेनहाइम याने १९११ मध्ये माकडांवरील प्रयोगांवरून वेगळे चित्र रंगविले: सारे हाडच आपली ठेवण बदलते, मात्र जोर अतिशय सौम्य हवा. दोघांचे वर्णन जुळत नव्हते. पण हात हलका हवा, यावर दोघांचेही एकमत होते. पुढे १९३२ मध्ये व्हिएन्नाच्याच ए. एम. श्वार्ट्स याने हलका म्हणजे किती, याचे उत्तर आकड्यात दिले. अस्तरावरचा दाब केशवाहिन्यांतल्या रक्तदाबाहून अधिक झाला, की रक्त थांबते. म्हणून मुळाच्या दर चौरस सेंटिमीटरला २० ते २६ ग्रॅमहून अधिक दाब पडू देऊ नये. जोराचे माप रोग्याच्या रक्तातूनच घ्यावे, ही कल्पना मोठी देखणी होती.

याच सुमारास दुसऱ्या बाजूने धोक्याची घंटा वाजली. १९२७ मध्ये आणि पुन्हा १९२९ मध्ये अमेरिकेतील आल्बर्ट केचम याने उपचार झालेल्या रोग्यांच्या दातांची क्ष-किरण चित्रे व्यवसायबंधूंपुढे ठेवली. कित्येक दातांची मुळे टोकाकडून झिजून आखूड झाली होती. बाहेरून पाहिले तर दात मोत्यांच्या ओळीसारखे सरळ होते आणि आत पाया खचत होता. हाड झिजले तर ते पुन्हा भरते. पण मुळाची गेलेली लांबी परत येत नाही. तेव्हापासून उपचार करण्यापूर्वी आणि चालू असताना मुळांची चित्रे पाहण्याचा प्रघात पडला. आपले यश स्वतः उकरून पाहण्याचे हे धैर्य आम्हांला कोणत्याही नव्या यंत्राच्या शोधाहून मोठे वाटते.

येथवर 'किती' हा प्रश्न झाला. आता 'कोठे' याकडे वळू. नदीच्या ओल्या वाळूत एक काठी रोवा आणि तिच्या शेंड्याला बोटाने ढकला. काठी उभीच्या उभी सरकत नाही; ती कलते. शेंडा पुढे जातो आणि तळ थोडा मागे येतो. वरच्या काठाशी पुढची वाळू दबते, तळाशी मागची वाळू दबते आणि मध्ये कोठेतरी एक बिंदू असा राहतो, की जेथे काहीच दबत नाही. दाताचे अगदी असेच होते. एका दातावर एकाच ठिकाणी जोर लावला, की ताण सर्वत्र सारखा पसरत नाही. तो हिरडीजवळच्या काठाशी आणि मुळाच्या टोकाशी एकवटतो. काठी उभीच सरकावी असे वाटत असेल, तर वाळूतच, तिच्या मध्याच्या आसपास, हात घालून ढकलायला हवे. दाताचा असा बिंदू मुळाच्या वरच्या अर्ध्या भागात, हाडाच्या आत असतो. तेथे हात पोचत नाही. आपल्या हाती असतो तो फक्त तोंडात दिसणारा शेंडा.

मग करावे काय? हे कोडे सोडविणारा माणूस म्हणजे अमेरिकेचा एडवर्ड हार्टली अँगल. १८५५ मध्ये जन्मलेला हा हट्टी, तापट आणि अचाट कल्पक माणूस या शाखेचा जनक मानला जातो. १८९९ मध्ये त्याने दातांच्या बेबनावाचे जे तीन वर्ग पाडले, ते आजही शिकविले जातात. १९०० मध्ये सेंट लुईस येथे त्याने या विद्येची स्वतंत्र शाळा काढली. त्याची पहिली उपकरणे म्हणजे बाहेरून बसविलेली जाड कमान आणि तिला बांधलेले दात. ती दात कलवीत, मुळे मागेच राहत. एकामागून एक उपकरणे मोडीत काढीत १९२५ च्या सुमारास, वयाच्या सत्तरीत, त्याने शेवटचे उपकरण पुढे आणले. दातावर बसविलेल्या छोट्या खोबणीला त्याने आयताकृती केले, २२ सहस्रांश इंच रुंद आणि २८ सहस्रांश इंच खोल, आणि तीत आयताकृतीच तार बसविली. गोल किल्ली गोल भोकात नुसती फिरते. चौकोनी किल्ली चौकोनी भोकात फिरविली तर भोकासकट वस्तू फिरते. तारेला पीळ देऊन खोबणीत बसविले, की ती पीळ सोडविताना दाताच्या मुळालाही वळविते. अशा रीतीने बाहेरून शेंडा धरून आतले मूळ हलविण्याची युक्ती साधली. अँगल १९३० मध्ये वारला. त्याची आयताकृती खोबण अजून कोट्यवधी तोंडांत आहे.

यातले गणित पुढे स्पष्टपणे मांडले ते चार्ल्स बर्स्टोन याने, १९६० नंतरच्या काळात. समजा, खोबण दाताच्या त्या मध्यबिंदूपासून १० मिलिमीटर दूर आहे आणि आपण १०० ग्रॅमचा जोर लावला. दाताला कलविणारी शक्ती झाली १०० गुणिले १०, म्हणजे १००० ग्रॅम-मिलिमीटर. तेवढाच उलटा पीळ तारेने दिला, तर दात न कलता उभाच्या उभा सरकतो आणि ताण मुळाच्या सगळ्या बाजूवर सारखा पसरतो. पीळ कमी पडला तर शेंडा पुढे पळतो. जास्त झाला तर मूळ पुढे पळते. म्हणून पाठ्यपुस्तकांत जोराची मात्रा दाताच्या चालीप्रमाणे वेगवेगळी सांगतात. दात नुसता कलवायचा तर ३५ ते ६० ग्रॅम, म्हणजे जुन्या मापाने जेमतेम एक छटाक. उभा सरकवायचा तर साधारण दुप्पट, ७० ते १२० ग्रॅम, कारण भार अधिक जागेवर वाटला जातो. आणि दात हाडात आत दाबायचा तर अवघे १० ते २० ग्रॅम, कारण तेथे सारा भार मुळाच्या बारीक टोकावर येतो. दात तोच असतो. बदलते ती ताणाची वाटणी, आणि तिच्याबरोबर मात्रा.

आता तिसरा प्रश्न, आधाराचा. न्यूटनचा तिसरा नियम तोंडातही लागू आहे. सुळा मागे ओढायचा तर दोर दाढेला बांधावा लागतो. मग दाढेलाही तेवढाच जोर पुढच्या बाजूला बसतो. रस्सीखेचीत दोन्ही बाजूंचे पाय सरकू शकतात. १८९३ मध्ये हेन्री बेकर याने वरच्या आणि खालच्या जबड्यांमध्ये रबर लावून एका जबड्याचा आधार दुसऱ्याला दिला. तरी प्रश्न पुरता सुटला नव्हता.

१९५२ मध्ये ऑस्ट्रेलियातील स्टोरी आणि स्मिथ यांनी एक साधा पण डोळे उघडणारा प्रयोग केला. दाढा आणि सुळा यांच्यामध्ये त्यांनी स्प्रिंग लावली. जोर १५० ते २०० ग्रॅमच्या आसपास ठेवला, तेव्हा सुळा मागे सरकला आणि दाढा जवळजवळ स्थिर राहिल्या. जोर ४०० ते ६०० ग्रॅमपर्यंत वाढविला, तेव्हा सुळा अडून बसला आणि दाढाच पुढे येऊ लागल्या! याचे कारण आता आपणांस सांगायला नको. सुळ्याच्या मुळाचे क्षेत्रफळ सुमारे २.७ चौरस सेंटिमीटर. पहिली दाढ आणि तिच्या शेजारची उपदाढ मिळून सुमारे साडेसहा. जोर दोन्हीकडे सारखाच; पण दाढांकडे तो अडीचपट जागेवर वाटला जातो. हलका जोर सुळ्याला पुरेसा होतो आणि दाढांना जाणवत नाही. जोर वाढला, की सुळ्याचे अस्तर चेंगरून तो जायबंदी होतो आणि तोच वाढीव भार दाढांना मात्र नेमका मानवतो. अधिक जोर लावून आपण दात लवकर हलवीत नाही. भलताच दात हलवितो.

हेच तत्त्व धरून ॲडलेडच्या रेमंड बेग याने १९५६ मध्ये निराळ्या जोरांच्या वाटणीची आपली पद्धत मांडली. बेग हा अँगलचा विद्यार्थी. पण गुरूची जाड आयताकृती तार सोडून त्याने बारीक गोल तार घेतली आणि विल्कॉक या धातुतज्ज्ञाकडून तिच्यासाठी खास पोलाद तयार करून घेतले. पुढे १९८३ मध्ये क्रीकमोर आणि एकलुंड यांनी, आणि १९९७ मध्ये जपानच्या कानोमी याने, आधारासाठी दातच न घेता हाडात बारीक स्क्रू बसविण्याचा मार्ग दाखविला. रस्सीखेचीत एका बाजूला माणसाऐवजी झाड उभे केल्यासारखे हे झाले.

आता तारेविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण तत्त्व कळले तरी हात चालतो तो साधनाच्या जोरावर. गोल तारेचा ताठरपणा तिच्या व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो आणि लांबीच्या तिसऱ्या घातात कमी होतो. तार दुप्पट जाड केली, की ती सोळापट ताठ होते. दुप्पट लांब केली, की ताठरपणा आठवा हिस्सा उरतो. म्हणून डॉक्टर तारेला जे वळसे घालतात ते नक्षीसाठी नव्हेत. तेवढ्याच जागेत लांबी वाढवून जोर मवाळ करण्याची ती युक्ती आहे. अँगलच्या काळात सोने आणि प्लॅटिनमच्या मिश्रधातूची तार असे. १९३० नंतर गंजरोधक पोलादाने ती स्वस्त केली. पुढे अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर याने अभ्यासिलेला निकेल आणि टायटॅनियम यांचा मिश्रधातू जॉर्ज आंद्रेआसन याने १९७१ मध्ये दातांसाठी सुचविला. १९८५ मध्ये चिनी आणि १९८६ मध्ये जपानी बनावटीच्या या तारांची वर्णने प्रसिद्ध झाली. त्या कितीही वाकविल्या तरी परत येताना बराच काळ जवळजवळ एकसारखा मंद जोर देतात. फारारने स्क्रूकडून जे मागितले आणि स्क्रूला जे देता आले नाही, ते या तारेने शंभर वर्षांनी दिले.

आता कोणी म्हणेल, दातावरचा ताण दिसत तर नाही. मग तो कोठे किती आहे, हे कळते कसे? ताण पडलेली काच विशिष्ट प्रकाशात रंगीत पट्टे दाखविते, हे ब्रूस्टरने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दाखविले होते. त्याच तत्त्वावर पारदर्शक प्लास्टिकमध्ये कृत्रिम दात बसवून संशोधकांनी ताणाचे रंगीत नकाशे काढले. पुढे संगणक आले. दात, अस्तर आणि हाड यांचे हजारो लहान तुकडे कल्पून प्रत्येक तुकड्यावरचा ताण मोजण्याची पद्धत १९७० नंतर या शाखेत रुजली. या हिशेबांनी श्वार्ट्सच्या देखण्या आकड्यालाही थोडा धक्का दिला. ताण मुळावर कधीच एकसारखा नसतो. एका बाजूला तो सोसण्याजोगा असतो तेव्हाच दुसऱ्या काठाशी तो अतिरेकी असू शकतो. २००३ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी तोवरचे सारे लेखन चाळून असा निर्वाळा दिला, की सर्व रोग्यांना लागू पडेल असा एकच उत्तम जोर त्यातून सांगता येत नाही. शंभर वर्षांच्या शोधानंतर हाती काय आले, असे म्हणून कोणी निराश होऊ नये. आकडा एकच नाही, पण दिशा एकच आहे: काम होईल असा, शक्य तितका कमी जोर.

आपल्याकडे ही विद्या उशिरा आली. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यास भारतातील पहिले दंतमहाविद्यालय काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झाले. १९४८ मध्ये दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा झाला. आणि दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांची भारतीय संस्था १९६५ मध्ये स्थापन झाली. आज तालुक्याच्या गावीही तार बसविलेली मुले दिसतात. त्याबरोबर घाई आणि अर्धवट ज्ञानही पसरले आहे. पुढच्या दोन दातांतली फट बुजविण्यासाठी घरच्या घरी रबराचे वेटोळे चढविण्याचा खुळा प्रकार काही तरुण करतात. त्यांना हे ठाऊक नसते, की दाताचे मूळ टोकाकडे निमुळते असते. रबर सरकत सरकत हिरडीखाली जाते, दिसेनासे होते, मुळावर चढत राहते आणि दाताभोवतीचे हाड नाहीसे करते. फट बुजते आणि दातच हातात येतो. दोन पैशांच्या रबराचा जोर तो केवढा. पण त्याला ना मोजमाप, ना दिशा, ना थांबा.

तारेचे काम संपले म्हणजे सारे संपले, असेही नव्हे. नॉर्वेच्या कोर राइटान याने १९५० नंतरच्या दशकात कुत्र्यांवरील प्रयोगांत दाखविले, की वळविलेल्या दाताभोवतीचे हिरडीतले तंतू सात-आठ महिन्यांनंतरही ताणलेलेच असतात आणि दाताला जुन्या जागी ओढू पाहतात. म्हणून तार काढल्यावर डॉक्टर जी पट्टी रात्री घालायला सांगतात, ती कपाटात ठेवून देऊ नये. हाड नव्या जागेला रुळते. तंतूंना जुन्या घराची आठवण अधिक काळ राहते.

त्या गृहस्थांकडे आम्ही परवाच गेलो होतो. मुलीच्या तोंडात तार बसून सात महिने झाले आहेत. उंचावरचा सुळा अजून ओळीत आलेला नाही, पण खाली उतरू लागला आहे. गृहस्थ दर महिन्याला तिला घेऊन जातात. अजूनही त्यांना ते फार सावकाश वाटते. आम्ही त्यांना सँडस्टेटच्या कुत्र्याची आणि स्टोरी-स्मिथच्या स्प्रिंगची गोष्ट सांगितली. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मुलीला म्हणाले, "बाळ, डॉक्टर जेवढी आवळतील तेवढीच बरी हो." दोनशे वर्षांच्या इतिहासातून घरी नेण्यासारखे आमच्या हाती एवढेच आहे, आणि आमच्या मते ते पुष्कळ आहे.